स्वतःला ओळखताना स्वतःला न झोडपण्याची रीत

आत्मपरीक्षण करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा दोषांची यादी घेऊनच बसतो. राग आवरत नाही, कामे शेवटच्या दिवसापर्यंत रेंगाळतात, फोन हातातून सुटत नाही, घरच्यांशी चार शब्द नीट बोलणे होत नाही. यादी खोटी नसते. पण ती वाचताना आतला आवाज इतका कडक लागतो की दोन-चार दिवसांत वही मिटते आणि माणूस त्या विषयाकडे पाहायचेच टाळू लागतो. हा आळस नव्हे. जिथे गेले की मार बसतो, तिथे मन पुन्हा जायला तयार होत नाही. म्हणून स्वतःशी मायेने वागणे हे स्वतःला ओळखण्याच्या आधीचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. नीट सुधारलो की मग स्वतःवर माया करू, असे म्हणणाऱ्याला स्वतःचे खरे दर्शन क्वचितच घडते, कारण न सुधारलेला भाग तो स्वतःपासूनच लपवून ठेवतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि कष्टाची, तालमीची आणि शिस्तीची परंपरा सांगणाऱ्या आपल्या कोल्हापुरात तो अधिकच येतो. स्वतःला सवलत दिली की माणूस सैल पडतो, असा तो आक्षेप. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये नेमका हाच मुद्दा तपासला. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड परीक्षा देण्यात आली आणि त्यानंतर, अपयशाबद्दल स्वतःशी फार कठोर होऊ नका, अशा परीक्षा अनेकांना जड जातात, असे काहींना सांगण्यात आले. पुढच्या परीक्षेसाठी याच विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. कारण समजण्यासारखे आहे. चूक कबूल केल्यावर फटका बसणार नाही याची खात्री असली, की चुकीकडे टक लावून पाहण्याचे धैर्य येते, आणि पाहिल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

पाहणे म्हणजे नेमके काय, हे कोल्हापूरकरांना पंचगंगेने चांगले शिकवले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले? तिथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. पाणी 37 फुटांवर असताना कोणी नदीला नावे ठेवत बसत नाही आणि आकडा आवडला नाही म्हणून तो खोटाही ठरवत नाही. आकडा ऐकायचा, जनावरे हलवायची, तळघरातले सामान वर घ्यायचे, कागदपत्रे पिशवीत भरायची. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. स्वतःच्या मनाची पातळीही अशीच, आरोप न करता आणि वेळेवर, वाचता आली पाहिजे.

वही कशी लिहावी

यासाठी साधी शंभर पानी वही पुरते. ती घरातील कोणी वाचणार नाही अशा जागी ठेवावी, कारण कोणीतरी वाचेल या धास्तीने लिहिलेल्या मजकुरात माणूस नकळत स्वतःची बाजू मांडू लागतो. वेळ ठरलेली असावी आणि थोडी असावी. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे ठीक आहेत, पण अंथरुणावर पडून लिहू नये; त्याने विचार झोपेत शिरतात. रोज लिहिलेच पाहिजे असेही नाही. ज्या दिवशी मनाला काही लागले किंवा आपण कोणाला काही लावून घ्यायला भाग पाडले, त्या दिवशी लिहिले तरी पुष्कळ आहे.

काय लिहायचे, हे उदाहरणाने सांगतो. शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेला गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. घरी आल्यावर तो मुलीवर ओरडला आहे आणि रात्री वही घेऊन बसला आहे. त्याच्या हातून सहज उतरणारा मजकूर असा असेल: ‘आज परत पोरीवर ओरडलो. बाप म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. हे कधीच सुधारणार नाही.’ तीन वाक्यांपैकी घडलेली गोष्ट फक्त पहिल्या वाक्यात आहे. उरलेली दोन वाक्ये निकाल आहेत, आणि निकाल लागला की चौकशी थांबते.

त्याच गृहस्थाने तीच संध्याकाळ पुन्हा लिहिली तर ती अशी उतरू शकते: ‘मंगळवार, संध्याकाळी साडेसात. घरात आलो तेव्हा ती टीव्ही लावून गृहपाठ करत होती. मी काही न विचारता टीव्ही बंद केला आणि मोठ्या आवाजात बोललो. ती गप्प झाली, वही उचलून आत गेली. दुपारचा डबा तसाच राहिला होता. चार वाजता रिजेक्शनवरून साहेब सगळ्यांच्या देखत बोलले होते. गाडी चालवताना खांदे आखडले होते, दात आवळलेले होते. राग होता, पण रागाच्या खाली लाज होती. साहेबांना उलट बोलता आले नाही याची लाज.’

हा दुसरा मजकूर त्याची चूक सौम्य करत नाही. उलट ‘काही न विचारता’ हे शब्द आणि वही उचलून आत जाणारी मुलगी पहिल्या मजकुरात कुठेच नव्हती. तिथे सगळी जागा बापाच्या लायकीने व्यापली होती. शिवाय दुसऱ्या मजकुरात हात घालता येण्यासारख्या जागा दिसतात. डबा खाता येतो. साहेबांनी बोलून दाखवल्यावर, घरी निघण्यापूर्वी, एखाद्या सहकाऱ्याशी दोन शब्द बोलता येतात. आवळलेले दात सिग्नलला थांबल्यावर लक्षात येऊ शकतात, आणि ती त्या दिवसाची इशारा पातळी असते. ‘लायकी नाही’ या वाक्यात मात्र हात घालायला जागाच नाही.

लिहिताना म्हणून चार गोष्टी येतील असे पाहावे: घडले काय, शरीरात काय जाणवले, मनात कोणती भावना होती आणि त्या वेळी डोक्यात कोणते वाक्य फिरत होते. क्रम कोणताही चालेल. शरीराकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण शरीर मनापेक्षा लवकर आणि कमी आडपडद्याने बोलते. घसा कोरडा पडणे, पोटात गोळा येणे, श्वास वरच्या वर राहणे, बोटांनी टेबल वाजवत राहणे, या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आणि आपल्या खुणा कोणत्या हे महिन्याभराच्या नोंदींतून आपोआप समोर येते.

भावनेचे नाव शक्य तेवढे नेमके लिहावे. ‘मूड खराब होता’ किंवा ‘टेन्शन आले’ एवढ्यावर भागवू नये. वैताग, चीड, अपमान, मत्सर, खंत, धास्ती, हुरहूर, उबग, एकटेपणा यांतले नेमके काय होते, हे शोधावे. 2007 मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवले की चेहऱ्यावरील भावनेला शब्द दिला की मेंदूतील अमिग्डाला या, धोक्याला चटकन प्रतिसाद देणाऱ्या, भागाची हालचाल कमी होते. योग्य शब्द सापडल्यावर मनाला थोडे सुटल्यासारखे वाटते, हा अनुभव पुष्कळांना असतो. त्याला असा आधार आहे.

‘मी असा का?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा

स्वतःला ओळखू पाहणाऱ्याच्या तोंडी हा प्रश्न सतत असतो, आणि मला तो सर्वांत फसवा वाटतो. एक तर तो विचारण्याच्या सुरातच दोष असतो. दुसरे म्हणजे त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक असते असे आपण उगाच धरून चालतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांचा 1977 चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. दुकानात लोकांसमोर पायमोज्यांचे चार जोड मांडून त्यांतला उत्तम निवडायला सांगितले. चारही जोड तंतोतंत सारखे होते. सर्वांत उजवीकडचा जोड सर्वाधिक लोकांनी उचलला, आणि कारण विचारल्यावर लोकांनी पोत, वीण असे काहीबाही आत्मविश्वासाने सांगितले; मांडणीतील जागेचा उल्लेख कोणी केला नाही. पायमोज्यांबाबत जर मन अशी कारणे रचत असेल, तर ‘मी लहानपणापासून असाच, घराण्यातच राग आहे’ यांसारख्या स्पष्टीकरणांवर किती भिस्त ठेवायची?

त्याऐवजी ‘काय’ आणि ‘कधी’ असे प्रश्न विचारावेत. हे कधी घडते? त्या आधी काय घडलेले असते? त्या क्षणी मला काय हवे होते? कोणासमोर हे मुळीच घडत नाही? शेवटचा प्रश्न विशेष उपयोगी आहे. घरात तडकणारा माणूस ग्राहकासमोर शांत राहत असेल, तर त्याला शांत राहता येते हे सिद्धच आहे. प्रश्न उरतो तो घरात ते कशाने सुटते एवढाच.

‘का’च्या मागे लागण्यात आणखी एक धोका असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी दीर्घकाळ अभ्यासून दाखवले की आपल्या दुःखाची कारणे आणि परिणाम मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहिल्याने उदासी लांबते. आत्मभान आणि हे घोळवणे बाहेरून सारखेच दिसतात. ओळखण्याची खूण अशी, की नोंद केल्यावर निदान एक नवी गोष्ट हाती लागते, तर घोळवण्यात कालचेच वाक्य आजही तसेच्या तसे येते. तेच वाक्य तिसऱ्यांदा आले की वही मिटून उठावे. रंकाळ्याच्या काठाने एक चक्कर मारून यावे, भांडी घासावीत, कोणाला तरी फोन करावा. उठणे हा पळपुटेपणा ठरत नाही.

माया म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे

टेक्सास विद्यापीठातील क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची जी मांडणी केली, तिच्यात तीन धागे एकत्र आहेत: स्वतःशी ममतेने वागणे, आपल्यासारखे इतरांचेही होते याची जाणीव ठेवणे, आणि दुःख न दडपता, न फुगवता आहे तेवढेच पाहणे. तिसऱ्या धाग्याचे काम वही करते. पहिल्या दोहोंसाठी वेगळा सराव लागतो.

पहिल्यासाठी सोपा मार्ग असा. वर लिहिलेली मंगळवारची नोंद आपल्या जिवलग मित्राची आहे असे समजावे आणि तो चहाच्या गाडीवर आपल्याला हे सांगतो आहे अशी कल्पना करावी. आपण त्याला ‘तुझी लायकीच नाही’ असे म्हणणार नाही. कदाचित म्हणू: ‘मर्दा, दिवसभर पोटात काही नाही, वर साहेबानं चारचौघांत काढलं, मग डोकं फिरणारच. पण पोरगीचं काय चुकलं त्यात? घरी जा, जवळ घे तिला.’ या बोलण्यात समजूत आहे आणि कानउघाडणीही आहे. दोन्ही एका दमात येतात, आणि त्या बोलण्याने ऐकणाऱ्याचा अपमान होत नाही. हेच शब्द, याच भाषेत, वहीत स्वतःला उद्देशून लिहावेत. स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधावे. ताणाच्या प्रसंगी ‘मी’ ऐवजी असे बोलल्याने त्रास कमी होतो, असे ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले आहे. आरंभी हे कृत्रिम वाटते. तसे वाटू द्यावे आणि तरीही लिहावे.

दुसऱ्या धाग्याचा आपल्याकडे फार उलटा अर्थ लावला जातो, म्हणून तिथे थोडे थांबतो. राजारामपुरीतील एखाद्या बँकेत काम करणारी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सगळे करणारी आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांचाही पाहुणचार पार पाडणारी बाई घेऊ. ती थकली आहे का, असे विचारले तर ती म्हणेल, ‘माझ्यापेक्षा जास्त राबणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यापुढं माझं काय?’ इतरांचे दुःख आठवणे ही इथे करुणा राहत नाही. स्वतःला गप्प बसवण्याचे ते साधन होते. दुःखाची क्रमवारी लावली की आपला नंबर कधीच लागत नाही. त्याच विचाराला सरळ करायचे तर तो असा होईल: ‘एवढं अंगावर घेतल्यावर कोणतीही बाई थकली असती, आणि मीही त्यांच्यापैकीच एक आहे.’ अशा व्यक्तीच्या वहीत पहिले काही दिवस भावनेच्या जागी ‘काही वाटत नाही’ असेच येईल. तेही लिहावे. पाठ दुखते, जेवताना चव कळत नाही, फोन वाजला की नकोसे होते, अशा शारीरिक नोंदींतून हळूहळू थकवा, आणि बहुधा थकव्यामागचा राग, स्वतःच वर येतो. राग दिसल्यावर घाबरू नये. राग आला म्हणजे सेवा खोटी ठरत नाही.

आता चूक दुरुस्त करण्याविषयी, कारण मायेचा तो अविभाज्य भाग आहे. आपल्या सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी मुलीजवळ बसून सांगावे: ‘काल मी न विचारता टीव्ही बंद केला आणि ओरडलो. ते चुकलं. मला कामावरचा राग होता, तुझा नव्हता.’ इथेच थांबावे. ‘पण तूही अभ्यासाच्या वेळी टीव्ही लावतेस’ हे शेपूट जोडू नये. टीव्हीविषयी बोलायचे असेल तर ते दुसऱ्या दिवशी बोलता येते. ‘मी फार वाईट बाप आहे’ असेही म्हणू नये, कारण मग बिचाऱ्या मुलीलाच बापाची समजूत घालावी लागते. स्वतःला झोडपण्याचा हा परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही: ज्याला आपण दुखावले, त्याच्याकडूनच सांत्वन वसूल होते.

पुढच्या वेळेसाठी ‘आता रागवायचे नाही’ असा संकल्प सोडून उपयोग होत नाही. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनाने दाखवले आहे की अमुक घडले की मी तमुक करीन, असे प्रसंगाशी बांधलेले ठरवणे अधिक वेळा तडीस जाते. म्हणून ठरवावे ते असे: ‘गाडी स्टँडला लावली की जिना चढण्यापूर्वी खाली दोन मिनिटे उभा राहीन, खांदे सोडीन आणि घरात गेल्यावर पहिले वाक्य प्रश्नार्थक बोलीन.’ चार दिवस जमेल, पाचव्या दिवशी जमणार नाही. पाचव्या दिवसाची नोंदही मंगळवारसारखीच, घडले तशी लिहावी.

वहीत न येणारा एक भाग असतो, तो म्हणजे आपण इतरांना कसे दिसतो. त्यासाठी विश्वासाच्या एखाद्या व्यक्तीला विचारावे, पण ‘मी कसा आहे?’ असे मोघम विचारू नये. ‘गेल्या महिन्यात माझ्या बोलण्याने तुला कधी वाईट वाटले का? तेव्हा मी काय म्हणालो होतो?’ असे विचारावे, उत्तर ऐकताना खुलासा करू नये आणि नंतर आभार मानावेत. आपले वाईट चिंतणाऱ्याला किंवा प्रत्येक गोष्टीत पाणउतारा करणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याची काहीही गरज नाही.

काही अनुभव मात्र एकट्याने वहीत उकरू नयेत. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये मनावरील आघातांविषयी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे लिहिण्याचा प्रयोग केला, तेव्हापासून अशा लेखनाच्या फायद्यांवर पुष्कळ काम झाले आहे. परंतु लिहिल्यानंतर लगेच मन अधिक जड होते, हेही त्याच कामातून दिसले. बालपणीचा अत्याचार, जवळच्या माणसाचा अकाली मृत्यू, पुरात डोळ्यांदेखत वाहून गेलेले घर यांसारख्या गोष्टी लिहिताना छाती धडधडू लागली, प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटले किंवा त्या रात्री झोप उडाली, तर लिहिणे थांबवून जाणकाराची मदत घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तरीही तेच करावे. आणि जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, 14416 या क्रमांकावर ती दिवसरात्र आणि विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येते. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयातही मानसोपचाराची सोय आहे. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्यावी. ती सगळी वाचून दाखवण्याची गरज नसते. झोप कधीपासून बिघडली, कोणत्या दिवशी काय घडले, शरीरात काय जाणवले, एवढ्या तारीखवार नोंदी पहिल्या भेटीत फार उपयोगी पडतात, आणि समोर बसल्यावर शब्द सुचेनासे झाले तर संबंधित पान उघडून डॉक्टरांच्या हाती दिले तरी चालते.